अल्पखर्चातील घरगुती सर्व्हर प्रयोगशाळा : उभारणी आणि सुरक्षितता

१. प्रस्तावना

बीदर शहराच्या नौबाद भागात जमिनीखाली बहामनी काळातील कारेझ आहे. कन्नडमध्ये तिला 'सुरंग बावी' म्हणतात. पंधराव्या शतकात बीदर ही बहामनींची राजधानी झाली आणि इराणी पद्धतीची ही भुयारी पाणीवाट खोदण्यात आली. जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी मूळ विहिरीत साठवायचे व हलक्या उताराने वस्तीपर्यंत न्यायचे, अशी ही योजना आहे. हवा खेळती राहावी आणि गाळ काढता यावा म्हणून भुयारावर ठिकठिकाणी उभी विवरे ठेवलेली आहेत. विवरांशिवाय कारेझ चालत नाही. पण एखाद्या विवरातून घाण पडली तर पुढच्या सर्वांचे पाणी खराब होते.

संगणकाच्या सर्व्हरचे गणितही असेच आहे. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना व मोबाइलना सतत सेवा देणारा संगणक. सेवा द्यायची तर त्याला दारे ठेवावी लागतात, आणि त्याच दारांतून नुकसानही आत येते.

कम्युनिटी कॉलेजमध्ये नेटवर्किंग, लिनक्स आणि सायबर सुरक्षा हे विषय शिकविले जातात. परंतु कार्यालयाच्या सर्व्हरवर प्रवेश, शुल्क व परीक्षेच्या नोंदी असल्यामुळे त्यावर विद्यार्थ्यांना हात लावू देता येत नाही. प्रयोगशाळेतील संगणक रोजच्या तासिकांसाठी लागतात, म्हणून त्यांवर मोडतोड चालत नाही. परिणामी हे विषय फळ्यावरच राहतात, आणि शिकविणाऱ्यालाही सरावाची जागा मिळत नाही. यावरचा एक व्यवहार्य मार्ग म्हणजे शिक्षकाच्या घरी एक-दोन मिनी पीसींवर उभी केलेली छोटी प्रयोगशाळा. तिची उभारणी कशी करावी आणि ती सुरक्षित कशी ठेवावी, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे, की यंत्र विकत घेणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. उघडी दारे मोजणे आणि नष्ट झालेले परत उभे करून पाहणे, हे खरे शिक्षण आहे.

२. मिनी पीसीच का?

मिनी पीसी म्हणजे जाड पुस्तकाएवढ्या पेटीतला पूर्ण संगणक. लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचा एलिटडेस्क मिनी हे कंपन्यांच्या कार्यालयांत वापरले जाणारे प्रकार आहेत. कार्यालये ठरावीक वर्षांनी यंत्रे बदलतात व जुनी यंत्रे बाजारात येतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीतील बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. कार्यालयासाठी अशी यंत्रे निकामी ठरतात, परंतु लिनक्सवर ती उत्तम चालतात.

विजेचा हिशेबही पाहावा. हलक्या कामावर असा मिनी पीसी साधारण १० ते १५ वॅट वीज घेतो. १५ वॅट धरले तर ३० दिवसांत, अखंड चालू ठेवून, १०.८ युनिट होतात. जुना उभ्या पेटीचा डेस्कटॉप ७० वॅट घेत असेल, तर तेवढ्याच काळात ५०.४ युनिट होतील. आपल्या जेस्कॉमच्या बिलातील दराने दोन्हींना गुणून पाहावे. फुकट मिळालेला जुना डेस्कटॉप वर्षभरात महाग पडतो, तो असा.

३. खरेदी करताना

बीदर-कलबुर्गी भागातील ग्राहकाला सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही ओळखीची संगणक बाजारपेठ आहे. वापरलेले यंत्र घेताना पुढील गोष्टी दुकानातच तपासाव्यात.

(अ) बायोसला जुन्या कंपनीचा पासवर्ड आहे का? असल्यास यंत्र घेऊ नये. तो काढणे अनेकदा शक्य होत नाही.

(आ) मूळ वॅटचा अ‍ॅडॅप्टर सोबत आहे का? कमी वॅटचा अ‍ॅडॅप्टर लावल्यास यंत्र संथ चालते किंवा मध्येच बंद पडते.

(इ) डिस्कची 'स्मार्ट' माहिती उघडून ती किती तास चालली आहे व त्रुटी किती आहेत ते पाहावे. शंका असल्यास डिस्क नवी घ्यावी.

(ई) बायोसमध्ये आभासीकरणाची, म्हणजे व्हर्च्युअलायझेशनची, सोय चालू करता येते का? पुढील सर्व काम त्यावर अवलंबून आहे.

(उ) रॅम किमान ८ जीबी असावी. १६ जीबी असल्यास चार-पाच आभासी यंत्रे सुखाने चालतात. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, त्यामुळे रॅमसकट मिळणारे यंत्र बहुधा फायद्याचे ठरते.

नवेच यंत्र हवे असल्यास इंटेल एन१०० या प्रोसेसरचे छोटे संच मिळतात. चार कोअर आणि ६ वॅट क्षमतेचा हा प्रोसेसर २०२३ मध्ये बाजारात आला.

भाव रोज बदलतात, म्हणून येथे रकमा न देता विभागणी सुचवीत आहे. हाती असलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी ५० यंत्रावर, २० प्रती ठेवण्याच्या बाहेरील डिस्कवर, १५ यूपीएसवर आणि १५ स्विच व केबलवर खर्च करावेत. पुष्कळ जण शंभरच्या शंभर रुपये यंत्रावर घालतात. डिस्क आणि यूपीएस 'नंतर बघू' म्हणून राहतात, आणि नुकसान नेमके तेथेच होते.

४. वीज, ऊन आणि धूळ

आपल्या भागात लाईट जाणे नवीन नाही. लिहिणे चालू असताना वीज गेली तर डेटाबेस बिघडू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस एक मिनी पीसी आणि राउटर यांना साधारण अर्धा ते एक तास चालवितो. बॅटरी जुनी झाली की ही वेळ घटते, म्हणून दर सहा महिन्यांनी प्लग काढून प्रत्यक्ष मोजावी. यूपीएसला यूएसबी जोडणी असल्यास बॅटरी संपत येताच सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद होईल अशी योजना करता येते. बायोसमध्ये 'वीज परतल्यावर चालू व्हावे' हा पर्यायही निवडावा. अन्यथा शिक्षक कॉलेजात असताना यंत्र बंदच राहील.

उन्हाळ्यात कलबुर्गीत पारा चाळिशीच्या वर जातो. यंत्र बंद कपाटात, पत्र्याच्या खोलीत किंवा स्वयंपाकघराला लागून ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावे आणि दर दोन-तीन महिन्यांनी पंख्यावरील धूळ काढावी. प्रोसेसरचे तापमान सतत ८० अंशांच्या वर राहत असेल तर आतील थर्मल पेस्ट बदलून घ्यावी.

५. प्रणालीची मांडणी

यंत्रावर थेट सेवा न बसविता आधी आभासीकरणाची प्रणाली बसवावी. डेबियनवर आधारलेली प्रॉक्समॉक्स ही प्रणाली यासाठी विनामूल्य वापरता येते. तिच्यामुळे एका यंत्रात अनेक स्वतंत्र यंत्रे उभी राहतात. विद्यार्थ्याने एक मोडले तर बाकीची शाबूत राहतात, व मोडलेले काही मिनिटांत पूर्ववत करता येते. ज्यांना एवढे नको असेल त्यांनी साध्या डेबियनपासून सुरुवात करावी. त्याची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली.

सुरुवातीला तीन सेवा पुरेशा आहेत. पहिली किविक्स : हिच्याद्वारे विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाला शंभर जीबीहून अधिक जागा लागते, परंतु मराठी, कन्नड आणि उर्दू विकिपीडिया फारच कमी जागेत बसतात. ज्या वर्गात तिन्ही भाषांचे विद्यार्थी शेजारी बसतात, तेथे याचा उपयोग वेगळा सांगायला नको. दुसरी मूडल : अभ्यासक्रम, स्वाध्याय आणि चाचण्यांसाठी. तिसरी कोहा : ग्रंथालयाचे हे सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाले आणि जानेवारी २००० पासून वापरात आले. मोठ्या कंपनीची परवडत नसलेली प्रणाली छोट्या संस्थेने स्वतः करून घेतली, हे त्याचे उदाहरण म्हणूनही ते विद्यार्थ्यांना सांगावे.

६. सुरक्षिततेची चार अंगे

६.१ दारे मोजणे

प्रत्येक सेवा एका क्रमांकित पोर्टवर ऐकत असते. प्रॉक्समॉक्सचे व्यवस्थापन ८००६ वर, तर दूरस्थ जोडणीची एसएसएच सेवा २२ वर असते. पहिला नियम असा, की यांपैकी एकही दार इंटरनेटच्या बाजूने उघडे ठेवू नये. राउटरमधील 'पोर्ट फॉरवर्डिंग' रिकामे ठेवावे आणि 'यूपीएनपी' बंद करावे, कारण यूपीएनपीमुळे घरातील उपकरणे मालकाला न विचारता दारे उघडू शकतात.

जानेवारी २०२२ मध्ये 'डेडबोल्ट' नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीच्या साठवण-उपकरणांना लक्ष्य केले. इंटरनेटला थेट जोडलेल्या उपकरणांतील फायली कुलूपबंद करून प्रत्येक मालकाकडे ०.०३ बिटकॉइन मागण्यात आले. पीडितांत घरगुती वापरकर्ते व छोटे व्यावसायिक होते. त्यांना कोणी हेरलेले नव्हते. त्यांचे दार उघडे सापडले, एवढेच.

बाहेरून प्रयोगशाळेत यायचे असल्यास व्हीपीएन वापरावे. वायरगार्ड हे साधे आणि वेगवान व्हीपीएन मार्च २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. अनेक कंपन्या घरगुती जोडणीला स्वतंत्र आयपीव्ही४ पत्ता देत नाहीत. अशा वेळी टेलस्केलसारखी सेवा उपयोगी पडते.

येथे एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. आयपीव्ही४ मध्ये घरातील यंत्रांचे पत्ते खासगी असतात आणि राउटरच्या आड लपतात. आयपीव्ही६ मध्ये मात्र घरातील प्रत्येक यंत्राला जगातून पोहोचता येईल असा पत्ता मिळू शकतो. त्यामुळे राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे की नाही, हे मोबाइलच्या डेटावरून स्वतः तपासावे.

६.२ भिंती घालणे

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणकीय कामकाज सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाले. नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतची कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. नेटवर्कचे विभाजन नीट नसणे, हे कारणही त्याच उत्तरात नोंदविलेले आहे. घराला बाहेरचे कुलूप आहे पण आतल्या खोल्यांना दारेच नाहीत, अशी ती स्थिती होय.

घरच्या प्रयोगशाळेत हे विभाजन फुकटात करता येते. प्रॉक्समॉक्समध्ये एक असा आभासी स्विच तयार करावा, ज्याला एकही प्रत्यक्ष केबल जोडलेली नाही. हल्ल्याच्या सरावासाठी मुद्दाम कमकुवत ठेवलेली यंत्रे फक्त त्यावर चालवावीत. ती एकमेकांशी बोलतील, पण घराच्या वाय-फायपर्यंत पोहोचणार नाहीत.

व्हीलॅनची सोय असलेला स्विच असेल तर घर आणि प्रयोगशाळा वेगळ्या करता येतात. तो नसेल तर जुना राउटर वापरता येतो, परंतु क्रम नीट ठेवावा. आतल्या राउटरमागील यंत्रांना बाहेरच्या जाळ्यात जाता येते. बाहेरच्यांना आत येता येत नाही. म्हणून घरातील फोन व संगणक आतल्या राउटरमागे ठेवावेत आणि प्रयोगशाळा बाहेरच्यावर ठेवावी. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि संरक्षणही उलटे होते.

६.३ वेळेवर अद्ययावत करणे

२०२२ मध्ये पासवर्ड सांभाळणाऱ्या लास्टपास कंपनीत मोठी चोरी झाली. तिची वाट कंपनीच्या एका अभियंत्याच्या घरातून गेली. त्याच्या घरच्या संगणकावर प्लेक्स हे चित्रफिती पाहण्याचे सर्व्हर सॉफ्टवेअर होते. त्यातील दोषावरची दुरुस्ती मे २०२० मध्येच उपलब्ध झाली होती, पण ती बसविलेली नव्हती. हल्लेखोराने त्या दोषातून शिरून कळफलकावरील टंकन टिपले, मुख्य पासवर्ड मिळविला आणि तो कंपनीच्या तिजोरीपर्यंत पोहोचला. घरच्या करमणुकीचा सर्व्हर आणि नोकरीची किल्ली एकाच यंत्रावर असणे किती महाग पडू शकते, हे यावरून दिसते. शिक्षकाने कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्ड प्रयोगशाळेच्या यंत्रावर कधीही साठवू नये.

डेबियनमध्ये सुरक्षा-दुरुस्त्या स्वतःहून बसविण्याची सोय आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. राउटरचे फर्मवेअर महिन्यातून एकदा तपासावे. जी सेवा वापरात नाही ती बंद न करता काढूनच टाकावी.

६.४ किल्ल्या सांभाळणे

२०१६ मध्ये 'मिराई' या सॉफ्टवेअरने लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्याच्याजवळ कोणतीही जादू नव्हती. कारखान्यातून आलेल्या नेहमीच्या नावे-पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी होती. मालकांनी ते बदललेले नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या साहाय्याने डिन कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास बंद पडली.

म्हणून राउटर, स्विच व कॅमेरा यांचे मूळ पासवर्ड प्रथम बदलावेत. एसएसएचसाठी पासवर्ड बंद करून किल्ल्यांची जोडी वापरावी आणि 'रूट' या नावाने थेट प्रवेश बंद ठेवावा. प्रॉक्समॉक्सच्या प्रवेशाला मोबाइलवरील सहा अंकी संकेताची दुसरी पायरी जोडावी. विद्यार्थ्यांना प्रत्येकी वेगळे खाते द्यावे. सर्वांना एकच खाते दिल्यास कोणी काय केले हे नोंदींवरून कळणार नाही.

७. प्रती आणि परतउभारणी

बीदरच्या महमूद गवान मदरशाची इमारत १४७२ मध्ये पूर्ण झाली. तेथील ग्रंथालयात सुमारे तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगितले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस इमारतीत दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि दर्शनी भागाचा मोठा हिस्सा व एक मिनार नष्ट झाला. आज तेथे उभे राहिले की एकच मिनार दिसतो. विद्येची जागा आणि स्फोटक साठा एका छताखाली आले की काय होते, याची खूण आपल्या गावातच उभी आहे.

माहितीच्या बाबतीत यासाठी '३-२-१' हा नियम आहे. मुख्य माहितीसह तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. दोन डिस्कचा 'रेड' म्हणजे प्रत नव्हे, कारण एका डिस्कवर पुसलेले दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसले जाते. त्याच डिस्कवरील 'स्नॅपशॉट' हीही प्रत नव्हे. बाहेरील डिस्क कायम जोडून ठेवली तर खंडणीखोर सॉफ्टवेअर तिलाही कुलूप लावते. प्रत घेतल्यावर ती काढून ठेवावी. तिसरी डिस्क रेस्टिक किंवा बोर्ग या सॉफ्टवेअरने कुलूपबंद करून नातेवाइकाच्या घरी ठेवावी. तिचा पासवर्ड कागदावर लिहून निराळ्या जागी ठेवावा, कारण तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी होते.

मात्र परत उभी करून न पाहिलेली प्रत ही केवळ आशा असते. प्रत्येक सत्रात एकदा मूडलचे आभासी यंत्र मुद्दाम पुसावे, घड्याळ लावावे आणि प्रतीवरून उभे करावे. लागलेला वेळ व अडलेल्या जागा वहीत लिहाव्यात. पहिल्या वेळी बहुधा काहीतरी विसरलेले सापडते. ते परीक्षेच्या आदल्या दिवशी सापडण्यापेक्षा आताच सापडलेले बरे.

८. विद्यार्थ्यांची माहिती आणि कायदा

घरच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांची खरी नावे, आधार क्रमांक, गुण, फोन क्रमांक किंवा छायाचित्रे ठेवू नयेत. सरावासाठी काल्पनिक नावांची यादी करावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. कायद्याची वाट न पाहताही हे कळण्यासारखे आहे. एखाद्या मुलीचा फोन क्रमांक आपल्या निष्काळजीपणामुळे बाहेर गेला, तर तिचे शिक्षणच थांबू शकते.

विद्यार्थ्यांना दुसरी सीमाही स्पष्ट सांगावी. दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ खाली येणारा विषय आहे. पोर्ट तपासणीची साधने फक्त आपल्या प्रयोगशाळेतील यंत्रांवर चालवावीत. कॉलेजच्या, शेजाऱ्याच्या किंवा बँकेच्या यंत्रांवर नव्हे.

सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सेवा पुरवठादार, कंपन्या, डेटा सेंटर व सरकारी संस्थांना ठरावीक सायबर घटना ६ तासांत कळविण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. संगणकांची घड्याळे जुळविण्याचेही त्यात सांगितले आहे. आपले विद्यार्थी उद्या अशाच ठिकाणी नोकरीस लागतील. म्हणून नोंदी जपणे, घड्याळ जुळविणे आणि घटनेचा अहवाल लिहिणे हे त्यांनी येथेच शिकावे.

९. अध्यापनासाठी आठ आठवड्यांची योजना

पहिला आठवडा : यंत्र उघडून भाग ओळखणे, वीज मोजणे. दुसरा : डेबियन बसविणे, किल्ल्यांची जोडी तयार करणे. तिसरा : प्रॉक्समॉक्स व पहिले आभासी यंत्र. चौथा : किविक्स आणि मूडल. पाचवा : दारांची मोजणी, प्रत्येक उघड्या पोर्टसमोर 'का उघडे?' याचे एका ओळीत उत्तर लिहिणे, उत्तर नसेल तर ते बंद करणे. सहावा : बंदिस्त आभासी स्विचवर हल्ला आणि बचाव. सातवा : नोंदी वाचून 'कोणी, केव्हा, कोठून' याचा अहवाल. आठवा : यंत्र पुसणे आणि प्रतीवरून उभे करणे.

मूल्यमापन आठव्या आठवड्यावर करावे. सर्व्हर कोणाचा सुंदर झाला यापेक्षा मोडलेला सर्व्हर कोणी, किती वेळात आणि किती नीट परत उभा केला, यास गुण द्यावेत.

१०. समारोप

खर्च बेताचा, जागा टेबलाच्या कोपऱ्याएवढी आणि वीज एका छोट्या दिव्याइतकी, एवढ्यात सर्व्हर प्रयोगशाळा उभी राहते. परंतु ती चालती ठेवणे हे रोजचे काम आहे. नौबादची कारेझ खोदणाऱ्यांनी विवरे ठेवली ती गाळ काढण्यासाठी कोणीतरी खाली उतरणार, हे गृहीत धरूनच. जेथे उतरणे थांबले तेथे भुयार बुजले. सर्व्हरवरही दर आठवड्याला अर्धा तास उतरावे लागते : दुरुस्त्या बसल्या का, नोंदींत काही वेगळे आहे का, प्रत घेतली का. ही सवय शिक्षकाने स्वतः लावून घेतली, तर ती विद्यार्थ्यांपर्यंत आपोआप जाईल. आणि पुस्तकातील धड्यापेक्षा तीच त्यांच्या जास्त उपयोगी पडेल.